लुळ्या पायाच्या नमुन्यांना क्रमांक मिळणेबाबत

दिनांक : २० मे २०२५

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
रोगपाळत कक्ष (हस्तांतरित कामे),
जि. वर्धा.

विषय : कु. रोशनी, वय सहा, हिच्या नमुन्यांना क्रमांक देणेबाबत.
संदर्भ : माझी आपल्या कक्षातील कालची भेट (नोंद घेतलेली नाही).

महोदय,

मी अपेक्षा थूल, राहणार नाचणगाव. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली आहे. माझ्या भावाची मुलगी रोशनी १२ मे रोजी सकाळी झोपेतून उठली तेव्हा तिचा उजवा पाय लुळा पडलेला होता. मार लागला नव्हता. डॉक्टरांच्या मते हा बहुधा नसांचा आजार आहे, पोलिओ नसावा. मलाही तसेच वाटते. तरीही लहान मुलाचा पाय असा अचानक लुळा पडला की एका दिवसाच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन ते रुग्णाच्या क्रमांकासह बर्फात प्रयोगशाळेकडे पाठवायचे असतात. देशात पोलिओ नाही हे आपल्याला अशा प्रत्येक पायाच्या तपासणीमुळेच कळते. डॉक्टरांनी कागदावर "सर्वेक्षणास कळवावे" असे लिहून दिले. सर्वेक्षण म्हणजे आता कोण, हे त्यांनाही सांगता आले नाही.

पूर्वी हे काम एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अधिकारी करीत. संस्था आपल्याकडे आली ती पोलिओसाठी. कोरोनात तीच माणसे खाटा आणि प्राणवायू मोजू लागली. तेव्हा मीही त्यांच्या हाताखाली घशाचे नमुने भरले आहेत. त्यानंतर गोवर. आता संकट नाही म्हणून निधी नाही, आणि निधी नाही म्हणून काम आपल्या कक्षाकडे आले आहे. क्रमांक देण्याचा अधिकार मात्र सोबत आलेला नाही, असे समजते.

काल आपल्या कक्षातील श्री. गजेंद्र मला म्हणाले, "ताई, पोलिओ गेला ना देशातून. जो रोगच नाई, त्याले नंबर कुठून देऊ?" क्रमांक रोगाला नव्हे, रुग्णाला मिळतो, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मंग रुग्ण घेऊन त्या संस्थेकडेच जा बाप्पा." म्हणून मी संस्थेच्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते सौजन्याने बोलले. संस्थेची भूमिका आता तांत्रिक सल्ल्यापुरतीच आहे, असे त्यांनी सांगितले. मी सल्ला मागितला. त्यांनी नमुने तातडीने पाठवण्याचा सल्ला दिला.

नमुने मी परवा आणि काल, निर्जंतुक डब्यांत घेतले. रोशनीचे आजोबा कवडूजी म्हणाले, "पोरगी चालून नाई राह्यली, अन् तू तिची घाण बर्फात ठेवून राह्यली!" घरच्या फ्रिजमध्ये त्यांनी डबे ठेवू दिले नाहीत, म्हणून ते थर्मासात आहेत. बर्फ गोळेवाले गोपालभाऊ देतात. आत काय आहे हे कळल्यापासून ते लांबूनच टाकतात. संस्थेने दिलेली थंड पेटी आपल्या कक्षात आहे, परंतु तीत कर्मचाऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या आहेत. क्रमांकाशिवाय ती रिकामी करता येत नाही, असे मला सांगण्यात आले.

रोशनी विचारते, "आत्या, माह्या पायाले नंबर भेटला का?" नंबर मिळाला की पाय उचलेल, असे तिला वाटते. मी तिला समजावून सांगितलेले नाही.

बर्फात नमुने तीन दिवस टिकतात. म्हणजे पहिला उद्यापर्यंत, दुसरा गुरुवारपर्यंत. त्यानंतर विषाणू असला तरी सापडेलच असे नाही, आणि "आढळला नाही" असा अहवाल आला तर त्याचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही.

तरी उद्या कार्यालय बंद होण्यापूर्वी क्रमांक द्यावा व पेटी रिकामी करून मिळावी, ही विनंती. हे शक्य नसल्यास नमुने कोठे टाकावेत ते लेखी कळवावे. आमच्या घरामागचा नाला अंगणवाडीला लागून जातो. नमुन्यांत काही नाही, असे तपासल्याशिवाय मला म्हणता येत नाही. तपासणी क्रमांकाशिवाय होत नाही. तोवर ते माझ्याकडे राहतील.

क्रमांकाच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
कु. अपेक्षा थूल
नाचणगाव

सोबत :
१. रुग्णालयाच्या कागदाची प्रत.
२. रोशनीच्या जन्मदाखल्याची प्रत.
३. नमुने जोडलेले नाहीत. ते बर्फाबाहेर काढता येत नाहीत.