तोंडवलीची जुनी लाइन

मंगळवार, संध्याकाळ

तोंडवलीला सुमनकाकीच्या घरची जुनी इंटरनेट लाइन आज बंद करून आलो. तिथेच नवी द्यायची होती. बोटीवर नोकरीला असलेल्या तिच्या मुलाचा चेहरा दिसावा म्हणून तिनं ती जुनी लाइन घेतली होती. गणपतीपासून त्याचा फोन नाही. बोट सुखरूप आहे, तोच बोलत नाही.

लॅपटॉपवर काय करतोस, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "हयसून 'बंद करतंय' म्हणान निरोप जाता. लाइनीच्या मालवणच्या टोकाकडसून 'बरा' इला की लाइन बंद."

"आणि थयसून उत्तरच येवक नाय तर?"

"हयचा यंत्र परत परत इचारता. तरीपण नाय, तर आपणच बंद करता."

कशाला एवढं सांगत बसलो?

मालवणहून उत्तर लगेच आलं. काकी पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नवी घालू नको रे. मी खूपदा इचारलंय."

नवं यंत्र तसंच पिशवीत भरलं. फाटकापर्यंत ती माझ्या मागोमाग आली.

"माजो फोन इलो तर तू तरी उचल."

हो म्हणालो, आणि तिच्याकडे न बघताच गाडी सुरू केली.