दोन लाजर

सोम., ५ जाने.
कापसाच्या जिनिंगात सकाळपासून एका बेअरिंगचा आवाज बारीक चिरकायलाय. फिटर पोरांना ऐकू येईना. लाजर असता तर मी बोलायच्या आधी ग्रीसचा डबा घेऊन आला असता. आम्ही दोघांनी सेलूत भंगारातून पहिलं मशीन उभं केलं, तेव्हापासूनची सवय. तो परभणीला दवाखान्यात. पोटात गाठ. डॉक्टर म्हणतात, याच आठवड्यात काढा. गडी ऑपरेशनच्या कागदावर सही करीना.

मंगळ.
परभणी. लाजरला म्हणलं, "अरे, तुझ्या नावाचा माणूस चार दिवसांनी कबरीतून उठला. येशूनं नुसतं 'बाहेर ये' म्हणलं. नाताळाला तुझ्याच चर्चमधी ऐकलंय मी."
हसला. "केरबाशेठ, तो येगळा लाजर. माझ्या आईनं दुसऱ्याचं नाव ठेवलं. श्रीमंताच्या दारात पडलेला भिकारी. अंगभर फोड, कुत्रे चाटायचे. मेल्यावरच सुख लागलं त्याला."
"अन् त्या श्रीमंताचं नाव?"
"लिहिलंच न्हाई."
"म्हंजे मीच की!"
त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. तोही. मग भिंतीकडं तोंड करून पडला. "आईनं जे नशीब दिलं ते दिलं, शेठ."

बुध.
डोक्यातून जाईना. एकाच पुस्तकात दोन लाजर, एक उठलेला, एक पडलेला. पाळण्यातल्या लेकरासाठी कोणती आई पडलेला निवडंल? बाजारात दोन गाठोडी एका भावात असली तर वाईट कुणी उचलत नाही. काहीतरी कारण असणार. लाजरची आई तर कधीच गेली. मावशी आहे म्हणे, राणीसावरगावात.

गुरु.
राहेलमावशी अंगणात शेंगा फोडत होत्या. कानानं अधू, म्हणून ओरडून बोलतात.
"आधीची दोन गेली की रं बाबा! तिसरं झालं तवा सासू म्हणली, उकिरडा नाव ठेवा. पाद्रीबाबा म्हणले, ख्रिस्ती लेकराला उकिरडा? मंग अक्कानं शास्त्रातला समद्यात गरीब हुडकला. मरणाची नजर पडू नये म्हणून!"
शेंग हातातच राहिली माझ्या. मीही आधीची दोन गेल्यावरचा. मला केरावर ठेवून उचललं, म्हणून केरबा. नाव कसंही चालंल, लेकरू राहू दे. हे लाजरला कुणीच सांगितलेलं दिसत नाही.

शुक्र.
परभणीला जाऊन लाजरला सांगितलं. तो उठून बसला. मग, "आई असं काई बोलली न्हाई कधी."
"बोलली असती तर मरणाला कळलं नसतं का? माझ्याकडं बघ. केर अजून चालायलाय."
"तुमी तर नाव नसलेले शेठ होता ना?"
"तू सही कर, मग ठरवू मी कोण ते."
पेन मागितला.

शनि.
ऑपरेशनला नेताना लाजरनं माझा हात धरला. "शेठ, तो उठलेला लाजर पुन्हा कवा मेला, लिहिलंय का हो?"
"मला काय ठाव? भाईर ये, मिळून वाचू."
दार लागलं. त्याची बायको प्रार्थना करायलीय. स्ट्रेचरचं मागचं डावं चाक चिरकत होतं, आत दूरपर्यंत ऐकू आलं. ग्रीस मागतंय. लाजर बाहेर आला की सांगतो.