पाखरीच्या पाठीवरच्या सुया

सोलापूर
९ ऑगस्ट १९७८

प्रिय ईरम्मा,

आधी मी तुला रागावणार आहे. मिरजेला नर्स झालीस म्हणून बापाला असलं पत्र लिहायचं? चौथीत तुला शुद्धलेखन घातलं ते यासाठी नव्हे. धुळाप्पांना अक्षर वाचता येत नाही, हे लिहिताना विसरलीस. नेहमीप्रमाणे ते पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि मला ते मोठ्यानं वाचावं लागलं. 'डॉक्टरांनी बजावूनही जुंपलीत. पाखरीला तुम्हीच मारलंत.' उंबऱ्याशी बसून ते ऐकत होते.

तुला सगळं ठाऊक नाही. पाखरी घोडी मागचा पाय ओढू लागली तेव्हा धुळाप्पा तिला डाग द्यायला मैंदर्गीला नेणार होते. 'आमच्या बानं बी डागच दिला हुता की, बाई.' मी कडाडले. तापल्या सळईला औषध म्हणणाऱ्यांची मला चीड आहे. डॉ. सिद्रामप्पांना मीच बोलावलं. पदवीधर पशुवैद्य, सुयांचं चिनी शास्त्र मागाहून शिकलेले. टांगा स्टँडवर ही गर्दी. 'डाक्टर, घोडी शिवताय व्हय?' असं कुणीतरी विचारलंही. डॉक्टर हसले आणि कमरेवर बोटांनी चाचपत एकेक बारीक सुई लावत गेले. पाखरीनं आधी कान मागे टाकले, मग मान सैल सोडली, डोळे अर्धे मिटले. सहाव्या खेपेला ती चारी पायांवर सरळ उभी राहिली. धुळाप्पा तिच्या गळ्यावर हात ठेवून म्हणाले, 'लई सोसलंस गं.' दोन महिने टांग्याला जुंपायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी शाळेत बक्षीस समारंभ होता आणि पाहुणी मी. एकोणीस वर्षं त्या फाटकातून मी धुळाप्पांच्या टांग्यातून आत गेले. आता रिक्षातून उतरणं मला कमीपणाचं वाटलं. निरोप धाडला. ते टांगा न आणता नुसतेच आले, पागोटं सारखं करत. 'बाई, डाक्टर नगो म्हनलेत.' मी म्हटलं, चालतेय ना ती? मग झालं तर. मला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही, आणि ते मला ठाऊक होतं. पुलाच्या चढावर तिची कंबर बसली. पुन्हा उठली नाही. डॉक्टर आले, धुळाप्पांना नाही नाही ते बोलले आणि तिला शेवटचं इंजेक्शन दिलं. मी तिथेच उभी होते, समारंभाची साडी नेसून. धुळाप्पांनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर चूक उभं राहून कबूल करायला लावायच्या. मीही तुम्हा मुलींना लावली.

तुझं पत्र ऐकून झाल्यावर ते म्हणाले, 'लिवा बाई, माजंच चुकलं म्हनावं. राग सोड, दिवाळीला ये.' ते मी लिहिणार नाही, म्हणून हे लिहिलं. 'आता घरी येणार नाही' ही तुझी शेवटची ओळ मी त्यांना वाचून दाखवलेली नाही. ती खोडून टाक आणि त्यांना लवकर लिही. वाचणार मीच आहे. माझ्याबद्दल जे लिहिशील, ते एक शब्दही न गाळता वाचेन.

तुझीच,
मथुराबाई