होड्या शाकारल्यावर

दिवाळे, ९ जून २०२५

चि. नमिता हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू घाईत हो हो म्हनतेस आनि विसरतेस, म्हनून कागदावर लिहिते. मार्चमध्ये तू समाजमंदिरावर वायफायचा डबा लावलास, नारळ मी फोडला. माज्या भाचीचं काम हाय म्हनून गावभर मिरवले. त्या डब्याने आठ दिवसांपासून मान टाकली हाय. बाया मलाच धरतात, काय गं मालती, कुठं गेला तुजा फुकटचा नेट.

मासेमारी बंद हाय. आमच्या गटाच्या अकरा बायांना हे दोन महिने सुक्या म्हावऱ्यावर काढायचे. नेरूळच्या सोसायटीवाल्या फोटो बघून सुकट-बोंबील मागवतात. आमचे फोन पोरांनी टाकून दिलेले, रिचार्ज घरात एकच, तो नवऱ्याच्या फोनात. गल्लीत रेंज पन येत नाय. नेट नाय तर ऑर्डर नाय. चार दिवसांत काय ते कर.

भावाला नमस्कार सांग. माया पातळ करू नको.
तुजी आत्या, मालती

द्रोणागिरी, १२ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, पण इकडे आणखी वाईट बातमी आहे. आमच्या कंपनीच्या कागदावर दिवाळ्याचा वापर जूनमध्ये शून्य दिसतोय. साहेब म्हणाले, हल्ली प्रत्येकाच्या फोनात स्वस्त नेट असतो, शहरभर वायफाय कोणाला हवाय? तीस तारखेला तो डबा काढून मॉलच्या चौकात लावायचा, तिथे निदान जाहिराती तरी मिळतील. मी तुमच्या बायांचं सांगितलं, तर म्हणाले पुरावा आण.

मी इथून तपासलं. तुमच्या डब्याला जिथून नेट येतो, तो जेट्टीच्या शेडवरचा दुसरा डबा चालू आहे, समाजमंदिरावरचाही चालू आहे. पण एकाचा सिग्नल दुसऱ्याला पोचत नाही. मधे काहीतरी आलंय. एक तारखेपासून तिथे काय बदललं ते जरा चालत जाऊन बघशील का?

बाबा बरे आहेत. रागावलीस तरी जवळची मान.
तुझी नमिता

दिवाळे, १६ जून

चि. नमिता हिस अनेक आशीर्वाद.

छत्री घेऊन जेट्टीपासून समाजमंदिरापर्यंत चालले आनि कपाळावर हात मारला. अगं बाय माजे, मधे होड्या हायत! पावसाळ्यासाठी वर ओढल्या, बांबू बांधले, वर पत्रे टाकून शाकारल्या. घराएवढ्या उंच झाल्यात. तू फेब्रुवारीत मापं घ्यायला आलीस तवा सगळ्या पान्यात होत्या, किनारा मोकळा. कोळ्याच्या घरची पोर तू, आनि होड्या कुठं झोपतात ते विसरलीस? शिकलीस का पाट्या टाकल्यास?

आमच्या कुंदनला म्हनले, होड्या सरकवा. आईवर हसला मेला. नारळी पुनवेपर्यंत एक पन हलनार नाय म्हनाला. त्याचं पन खरं हाय. तवा आता तूच हाल.

आठवन ठेव, उत्तर धाड.
तुजी आत्या

द्रोणागिरी, १९ जून

ती. आत्यास शि. सा. न.

लाज वाटली. दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. चूक माझीच आहे. मी मशीन बघितली, खाडी बघितली, पण गाव वर्षभर कसं राहतं ते विचारलंच नाही. शहरभर असे डबे लागतात, बंद पडतात, मग लोकांनाच नको होतं असं लिहून मोकळे होतात. दिवाळ्याचं तसं होऊ देणार नाही.

दोन्ही डबे बारा फूट उंच पाइपावर चढवले की सिग्नल होड्यांवरून जाईल. मार्च ते मे दिवाळ्याचा वापर आमच्या यादीत सगळ्यात जास्त होता, तोच पुरावा पाइपाच्या अर्जाला जोडतेय. पण सर्व्हे कोणाचा चुकला ते नाव घालून लिहावं लागेल. माझं कॉन्ट्रॅक्टही तीसलाच संपतंय आणि साहेब आधीच नाराज आहेत. बघू.

धीर देत राहा.
तुझी नमिता

दिवाळे, २३ जून

चि. नमिता हिस आशीर्वाद.

नाव लिहू नको. काल सगळ्या बाया ओट्यावर बसलो, मी तुजं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एका तोंडाने सांगितलं, पोरीची नोकरी जावी म्हनून आमी नेट मागितला नाय. आमी पाट्या डोक्यावर घेऊन नेरूळला दारोदार फिरू. आधी फिरतच होतो. माजे गुडघे दुखतात ते दुखू देत. मी तुला वाट्टेल ते बोलले, ते मनावर घेऊ नको. डबा गेला तरी चालंल, तू टिकली पायजेस.

ऐक माजं. एवढीच मागनी.
तुजी आत्या

द्रोणागिरी, २७ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. कागद मी मंगळवारीच दिला, खाली माझं पूर्ण नाव घालून.

डबा दिवाळ्यातच राहणार. वरच्या ऑफिसने मार्च-मेचे आकडे बघून पाइप मंजूर केला, सोमवारी माणसं येतील. माझं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढवलं नाही. साहेबांनी शांतपणे सांगितलं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं कशाला बोलू, वाईट वाटतंय, भीतीही वाटतेय. दोन ठिकाणी अर्ज केलेत. आता सर्व्हेचं काम मिळालं तर बाराही महिन्यांचं विचारून मगच मापं घेईन.

बायांना सांग, पाट्या उचलायच्या नाहीत. आणि तुझं पत्र मंगळवारच्या आधी मिळालं असतं, तरी मी सही केलीच असती.

सोमवारी रजा टाकून दिवाळ्यात येतेय. शेवटचा दिवस आहे, कंपनीचं ओळखपत्र आजच परत करते. आता कंपनीची म्हणून नाही, शिडी धरायला येतेय.

लोभ आहेच, जेवायला थांबेन.
तुझीच भाची, नमिता