डावं-उजवं

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. संयोगितास अक्काचे आशीर्वाद.

इकडे आबांची तब्येत ठीक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा अजून पाणावतो, पण जेवण व्यवस्थित. मुरगूडची तुमची पपई गोगलगायींनी खाल्ली, वाईट वाटलं. फोनच केला असता, पण आबा शेजारच्या खुर्चीत बसून असतात आणि तुझ्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. म्हणून पत्र.

तुझ्या त्या फोटोबद्दल लिहायचं आहे. नवं इरकल नेसून, हातात आफ्रिकन गोगलगायीचा रिकामा शंख धरून काढलेला सेल्फी. "बघा आबा, केवढा मोठा," एवढंच तू लिहिलंस. आबांनी फोन डोळ्यांपाशी नेला आणि ओरडलेच, "अगं अनुजा, डावा हाय की ह्यो! जन्मभर हुडकला, मला गावला न्हाय. माझ्या लेकीला पपईच्या बुडात गावला!"

लेक तर मीही आहे. शंख धुवायचे, वेढे मोजायचे, आतला कणा पांढरा आहे का, खाली तुटल्यासारखा आहे का हे बघून नाव लावायचं, ही सगळी कामं आबांबरोबर मीच करत आले. लग्न झालं नाही म्हणून नव्हे, आवडतं म्हणून. टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडे; तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा. आबांच्या शंखांच्या कपाटातले सगळे उजवेच. डावा लाखात एखादा, आणि तो नेमका तुला मिळावा!

जळफळाट झाला माझा. तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला. शंखासाठी नाही, इरकलासाठी. तेव्हा दिसलं की तुझा पदर उजव्या खांद्यावर आहे. अगं बाई, तुझा मोबाइल आरशासारखा उलटा फोटो काढतो. पदर होता डाव्याच खांद्यावर, आणि शंख होता उजवा.

आबांना मी सांगितलं नाही. तुझे यजमान यशराजराव रविवारी शंख घेऊन येणार होते आणि आबांनी शाळेतले जुने सोबती सिकंदरचाचा यांनाही बोलावलं होतं. म्हटलं, चारचौघांतच फजिती होऊ दे तुझी. इतकी खुशीत होते की शिरासुद्धा केला.

काल आबांनी शंख हातात घेतला. टोक वर, तोंड स्वतःकडे. अंगठा तोंडाच्या कडेवर गेला आणि थांबला. उजव्या हाताला. आबांचे डोळे फसतील, अंगठा फसायचा नाही. त्यांना कळलं. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"काय सर, डावाच न्हवं?" चाचांनी विचारलं.

"व्हय की. डावाच." आबांनी शंख ओंजळीत झाकला, कुणाच्या हातात दिला नाही. "पोरीचा हातगुण. माझ्यामागं ह्ये कपाट संयोगिताचं. अनुजा, चिठ्ठी लिही."

लहानपणी एका शंखाला मी चुकीचं नाव लावलं, तर याच माणसानं मला कपाटातल्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहायला लावल्या होत्या. जेवायलाही उठू दिलं नव्हतं. काल मात्र मी निमूट लिहिलं, 'डावा. मुरगूड.' तो शंख आता सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे. शिरा कुणी खाल्ला, मला आठवत नाही.

तुझा यात काडीचाही दोष नाही. तुला डावं-उजवं कळत नाही, कारण या घरात ते तुझ्या वाट्याला कधी आलंच नाही. मला चांगलं कळतं. पण मी तोंड उघडलं तर सगळे म्हणतील, अक्का जळते. आणि त्यात खोटं काय? कपाट मला हवं आहे, हेही लपवत नाही.

म्हणून तूच ये. शंख हातात घे, वर लिहिलंय तसा धर, आणि काय दिसतं ते आबांना सांग. तुझ्यावर ते रागावणार नाहीत.

येणार नसशील तर तसं कळव. मग मी वाट बघणार नाही. फक्त त्या चिठ्ठीवरचं अक्षर माझं आहे, एवढं विसरू नकोस.

तुझी, उजव्या हातानं खोटं लिहून डावी ठरलेली,
अक्का