शेवटच्या ओळीतलं नाव

अण्णा,

खुशाली विचारत नाही. लई संतापले आहे.

काल निपाणीत तुझ्या मंडळाच्या कार्यक्रमात माझी विद्यार्थिनी सौम्या कर्नाटक संगीतातली त्यागराजांची एक कृती गात होती. तू, मंडळाचा अध्यक्ष, मधेच माईक बंद करायला लावलास. म्हणे, "आमच्या स्टेजवर कानडी चालायचं न्हाय!" अरे, ती तेलुगू होती! आणि रचणारा राहायचा तंजावरकडं, भोसल्यांच्याच राज्यात. भाषणात भोसल्यांचं नाव दहादा घेतोस, एवढं तरी ठाऊक नको?

आणि नेमका शेवटच्या ओळीआधी! तिथंच रचणाऱ्याचं नाव येतं. बारा वर्षं बेळगावात पोरींना बजावतेय, एक वेळ सूर चुकला तर चालेल, ती ओळ गाळायची नाही. त्या माणसाची सही आहे ती.

पण तू डोळे वटारलेस, तेव्हा मीच तिला हातानं 'बस कर' म्हणून खुणावलं. तिनं ते पाहिलं. तरीही मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती त्या नावापर्यंत गायली.

उद्या ती शिकवणीला येईल. तिची माफी मागेपर्यंत हे पत्र तुला धाडणार नाही. तोवर खाली माझं नाव लिहायलाही धजत नाही.

तुझी बहीण