बरक्याच्या थिएटरची भिंत

शनि. ३ ऑक्टो. ९८
दिवसभर बरक्याला, शाळेच्या साईटवर. थिएटरच्या शेवटच्या रांगेचं काँक्रीट आज झालं. एकूण बावीस रांगा, अर्धवर्तुळात. मधून एक आडवी वाट, खाली गोल अंगण, त्यापुढे स्टेज. अर्बाबने, म्हणजे शाळेच्या अरब मालकाने, जॉर्डनमध्ये पडकं रोमन थिएटर पाहिलं आणि माझ्या शाळेत हुबेहूब असंच बांधा म्हणाला. आमचे आर्किटेक्ट नबीलसाहेब तिकडचेच. त्यांनी त्या अवशेषांच्या मोजणीचे नकाशे मिळवले आणि मी सहा महिने बोर्डावर वाकून ट्रेस केले.
प्रत्येक पायरीच्या तोंडाखाली टाच मागे घ्यायला खाच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी बसणाऱ्याच्या टाचांची काळजी होती. ती खाच मी तशीच ठेवली. वर्गीस फोरमन वैतागला, शटरिंगचं, फळ्यांच्या साच्याचं, काम वाढतं म्हणून. म्हटलं, करना पडेगा, भाई.
खूश आहे. स्वतःच्या कामावर इतका खूश बऱ्याच वर्षांत नव्हतो.

शुक्र. ९ ऑक्टो.
सुट्टी. चर्चमध्ये मिस्सा आटपून रोझीला साईट दाखवायला नेलं. नवऱ्याने काय केलंय ते तिने एकदा बघावं, एवढंच मनात. तिला स्टेजवर उभं केलं आणि स्वतः ऐटीत वरच्या रांगेत जाऊन बसलो. ती 'नमो मरिये'ची प्रार्थना म्हणायला लागली.
काही नाही. नुसते ओठ हलताना दिसत होते. स्टेजच्या मागे मोकळं, पलीकडे खजुरांची बाग आणि बागेपलीकडे हायवे. ऐकू येत होते ते सोहारला जाणारे ट्रक. चार-चार रांगा खाली उतरत गेलो. सहाव्या रांगेत पहिला शब्द लागला.
रोझी घामाघूम. "स्वयंपाकघरातून मारलेली हाक तुम्हाला ऐकू येत नाही, ते समजू शकते. इथे मी ओरडत होते हो."


शनि. १०
नबीलसाहेबांना सांगितलं. "ओपन एअर इज ओपन एअर, सेबॅस्टियन. दे विल यूज माइक." मग रोमन लोकांकडे कुठला माइक होता? हे मनात. तोंडाने 'येस सर'.
पटलेलं नाही. मूळ नकाशांची गुंडाळी कपाटातून काढून ठेवली.

सोम. १२
सापडलं. चूक माझीच.
मूळ नकाशात स्टेजच्या मागे तुटक रेघांनी काढलेली अख्खी भिंत आहे. दुमजली, खांब, तीन दरवाजे. आमच्या ऑफिसात तुटक रेघ म्हणजे पुढच्या टप्प्यातलं काम, या काँट्रॅक्टमध्ये नाही. अठरा वर्षं मी तुटक रेघा डोळे मिटून गाळत आलोय. इथेही गाळल्या. खाली कोपऱ्यात फ्रेंचमध्ये बारीक टीप होती. ती आज डिक्शनरी घेऊन लावली: तुटक रेघ म्हणजे जे होतं आणि पडलं.
म्हणजे आम्ही थिएटर बांधलंच नाही. त्याची पडझड बांधली, नवी कोरी, सिमेंटमध्ये. आवाज अडवून लोकांकडे परत पाठवायला भिंत होती, तीच नेमकी नाही.
नकाशावर 'ड्रॉन बाय'समोर माझी सही. नबीलसाहेबांनी तपासलाय, अर्बाबने मंजूर केलाय. कुणाच्या लक्षात आलं नाही, येणारही नाही.

मंगळ. १३
सांगून टाकलं. नबीलसाहेबांनी केबिनचं दार लावलं.
"हू एल्स नोज?"
"तुम्हीच."
"गुड. खलास."
अर्बाबला ती मोकळी बाजू आवडते म्हणाले, बाग दिसते. आता भिंत म्हणजे नवा पाया, नवी मंजुरी, आणि आमची चूक कागदावर. मग हळूच आठवण दिली की डिसेंबरात माझा व्हिसा संपतोय आणि आता कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी दोन पोरं ऑफिसात आहेत. हे सगळं प्रेमाने बोलले, त्याचाच जास्त राग आला.
पोरं येतील, येऊ देत. पण या थिएटरवर माझी सही आहे. भिंत उभी राहणार.

बुध. १४
रोझी सुरमई साफ करत होती. सगळं सांगितलं. तिने सुरी बाजूला ठेवली.
"नोकरी गेली तर?"
"तर वसई."
"तिथे काय करणार?"
"माहीत नाही."
पुन्हा सुरी. मग म्हणाली, "गप्प बसलात तर हे असं तोंड मला रोज बघावं लागेल. त्यापेक्षा वसई परवडली."
पंचवीस वर्षं झाली लग्नाला. बाई काय चीज आहे, अजून कळते आहे.

गुरु. १५
वर्गीसला गाठलं. प्लायच्या शीट आणि पाइप साईटवर रिकामे पडलेत, पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जाणार. त्यांची खोटी भिंत उभारायची, अर्बाबला ऐकवायचं. कान असतील तर कळेल.
"और अर्बाब को बोलेगा कौन?"
"मैं."
"आप पागल है, साब." पण उद्या दुपारी माणसं घेऊन येतोय.

शुक्र. १६
जुम्म्याच्या नमाजानंतर वर्गीस आणि चार पठाण सुतार. चार तासांत सहा मीटर उंच, पंधरा मीटर लांब. मागून टेके. दिसायला भिकार, लाल प्लायवर जुन्या काँक्रीटचे डाग.
रोझी पुन्हा स्टेजवर. मी पुन्हा बाविसाव्या रांगेत. ट्रकचा आवाज निम्मा झालेला. ती ओरडलीसुद्धा नाही, आणि 'आमेन'पर्यंत शब्द न् शब्द आला.
रडलो. वर्गीसने पाहिलं आणि पान्याशी उगीच खटपट करत राहिला.

शनि. १७
सकाळी अर्बाबला थेट फोन. नबीलसाहेबांना नंतर सांगितलं. त्यांचा चेहरा लिहीत नाही.
दुपारच्या असर नमाजानंतर दोघेही आले. अर्बाब सत्तरीचा, गुडघे दुखतात, तरी काठी टेकत वरपर्यंत चढला. खालून वर्गीसने सिमेंटच्या गोणीवरचा मजकूर वाचून दाखवला. मग मी दोन शीट काढायला लावल्या, पुन्हा वाचन. मग आणखी सहा. अर्बाबने हात वर केला. समजलं होतं त्याला.
"जॉर्डनच्या नकाशात भिंत होती?"
"होती."
"मग कुणी गाळली?"
नबीलसाहेबांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी मी म्हणालो, "मी, अर्बाब."
तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने काठी प्लायकडे रोखली. मग म्हणाला, "पलीकडची बाग माझ्या वडिलांनी लावली. इथे बसून ती दिसते म्हणून ही जागा निवडली. तुझी भिंत बरोबर आहे. पण ती माझ्या वडिलांना झाकते."
होकार नाही, नकार नाही. "इन्शाल्ला," आणि काठी टेकत उतरला.
परतताना सीबच्या चौकात नबीलसाहेबांनी गाडीची काच वर घेतली. मग, "माझ्याकडे परत यायला हवं होतंस." म्हटलं, आलो होतो, सर.

सोम. १९
दोन दिवस झाले, अर्बाबचा फोन नाही. प्लाय गुरुवारी जाणार, त्यापुढे ठेवणं वर्गीसच्या हातात नाही. नबीलसाहेबांनी माझी फाइल मागवली. व्हिसा वाढवायला की रद्द करायला, विचारलं नाही.
कुणी सांगितलेलं नाही, तरी भिंतीचं ड्रॉइंग काढायला बसलो. पाया, खांब, तीन दरवाजे. मग बाविसाव्या रांगेतून अर्बाबच्या डोळ्याची रेघ ओढून पाहिली. मधला दरवाजा पाच मीटर उंच केला तर त्यातून बागेतल्या झाडांची एक रांग दिसते. आवाज थोडा गळेल, पण दरवाजा अरुंद ठेवला तर फार नाही. एकच रांग मात्र. दोन नाहीत बसत, तीनदा करून पाहिलं.
दरवाजा कुठे ठेवायचा, म्हणजे कुठली रांग दाखवायची, ते अडलंय. वडिलांनी पहिलं झाड कुठलं लावलं, उद्या सकाळी अर्बाबला फोन करून विचारणार.